उजव्या डोळ्याची ट्रायल

साधनाच्या हातात काहीही द्या, ती आधी ते उजेडाकडे धरते. टोमॅटो असो, नवा ब्लाउजपीस असो, नाहीतर मी चहाबरोबर दिलेली बशी असो. एकदा फिरवते, तिरकं करते, मग खाली ठेवते. माझ्या सहा बश्यांपैकी दोन तिनं अशाच नापास केल्या. "काकू, ह्याला चीर हाय. आज ना उद्या हातात फुटंल." मला आठ वर्षांत ती चीर दिसली नव्हती. चष्मा लावून पाहिलं तेव्हा दिसली, आणि रागच आला.

तिचा दोष नाही. चाकणच्या एका कंपनीत ती एकोणीस वर्षं हेच करते आहे. गाडीच्या ब्रेकमध्ये बसणारे ॲल्युमिनियमचे ओतीव भाग तिच्या टेबलावर येतात. माल ट्रकमध्ये चढण्याआधी त्यांच्याकडे बघणारं शेवटचं माणूस म्हणजे साधना. पांढऱ्या झगझगीत ट्यूबखाली बसायचं, एकेक पीस उचलायचा, फिरवायचा, बारीकसं छिद्र किंवा केसाएवढी चीर दिसली तर लाल क्रेटमध्ये टाकायचा, नाहीतर निळ्या. एका शिफ्टला आठशे-नऊशे पीस. निळ्या क्रेटच्या चिठ्ठीवर तिचा शिक्का बसतो, सात नंबरचा. रस्त्यावर कुठेतरी कुणाचा ब्रेक लागत असतो आणि त्या कुणाला साधना ठाऊकही नसते.

वय त्रेचाळीस. माहेर आणि सासर दोन्ही उदगीरकडचं. नवरा नवनाथ भोसरीत एका शेडमध्ये वेल्डर आहे. रहाटणीत आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात, मी तळमजल्यावर. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली, म्हणून इमारतीतल्या बायका मला डॉक्टर समजतात. मी डॉक्टर नाही. हे मी प्रत्येकीला सांगते, आणि ऐकून झालं की जी ती गोळ्यांची पट्टी पुढे करते.

जानेवारीतल्या एका रविवारी साधना आली ती मात्र मोकळ्या हातानं.

"काकू, डोळ्याखाली लावायचं सिरम असतंय ना, त्यातलं खरं कोणतं?"

"खरं म्हणजे?"

"ज्यानं काम होतंय ते. आन् परवडंल असं."

हिनं आजवर पावडरसुद्धा लावलेली मी पाहिली नव्हती. मी विचारलं, "हे कुणी डोक्यात घातलं?"

"रणजीत सरांनी."

रणजीत म्हणजे तिच्या कंपनीतला क्वालिटी मॅनेजर. बत्तीस वर्षांचा, चाकणजवळच्या जुन्या शेतकरी घरातला, इंजिनिअर. मुलगा वाईट नाही, साधनाच म्हणते. मार्चच्या मध्याला कस्टमरचं, म्हणजे माल घेणाऱ्या कंपनीचं, मोठं ऑडिट होतं. त्याच्या तयारीत त्यानं तिला बाजूला बोलावलं आणि म्हणाला, "ताई, यंदा टेबलावर जरा फ्रेश चेहरा ठेवू म्हणतोय. रुपाली बसेल. तुम्ही दोन दिवस पॅकिंगला जावा."

"का सर? माझं काम चुकलंय का?"

"काम नाही ओ. काम एक नंबर. पण तुमचे डोळे फार दमल्यासारखे दिसतात. कस्टमर फोटो काढतो. त्याला वाटायचं, हिला दिसतं तरी का!"

एकोणीस वर्षं झगझगीत उजेडात बारीक चिरा शोधल्या की डोळ्यांखाली काय उमलणार, मोगरा? मी म्हटलं, "त्याच्या तोंडावर सांगायचंस की हे काळं तुमच्याच ट्यूबचं आहे."  ती हळूच म्हणाली, "काकू, शेजारच्या टेबलावरच्या जाईबाईंना असंच दोन दिवसांसाठी पॅकिंगला नेलं होतं. त्या तिथूनच रिटायर झाल्या."

तेव्हा मला कळलं की प्रश्न बाटलीचा नाही, टेबलाचा आहे. पॅकिंगला बसलं की शिक्का जातो. खोके चिकटवायला डोळे लागत नाहीत.

तरी मी चिडून म्हटलंच, "मग भांड त्याच्याशी. तोंडाला कशाला काही लावतेस?"

"भांडणार हाय. पण लावणार बी हाय," साधना म्हणाली. "मला बरं दिसू वाटतंय, त्यात काय चोरी हाय का? ते मला आधीपासून वाटतंय. सरांनी फक्त आठवण केली."

 बाईनं चेहऱ्याची काळजी घेतली की ती उथळ, नाही घेतली की ती दमलेली. हा खटला बायकांवर आम्ही कॉलेजात होतो तेव्हापासून चालू आहे आणि मला त्याचा वीट आला आहे. मी चपला घातल्या.

आधी आम्ही वाकडच्या मॉलमध्ये गेलो. काळ्या कोटातली एक मुलगी साधनाकडे पाहून म्हणाली, "मॅम, तुमची स्किन खूप डल झालीये," आणि एक बाटली पुढे केली. पंधरा मिली, चोवीसशे रुपये. साधनानं ती दिव्याकडे धरली, फिरवली, पुढे ठळक छापलेलं 'कॅफिन' वाचलं, मग मागचं वाचलं.

"ह्याच्यात कॅफिन किती टक्के हाय?"

"मॅम, हे कोरियन आहे."

"देश न्हाई विचारला बाई. टक्के विचारले."

मुलगी बिचारी ओठ मुडपून हसली. आम्ही बाहेर आलो.

घरी येऊन मी साधनाला बसवलं आणि जे मला माहीत आहे ते सांगितलं. बाटलीच्या पुढच्या बाजूला जाहिरात असते, मागच्या बाजूला माल असतो. मागच्या यादीत जो पदार्थ जास्त तो आधी लिहितात. तेव्हा पुढे ज्या पदार्थाचा ढोल वाजवलाय तो मागे सुवासाच्याही नंतर, अगदी शेपटीला सापडला, तर तो फक्त नावाला आहे. चांगला माल स्वतःचे टक्के लिहून देतो. डोळ्यांजवळ सुवास अजिबात नको. डोळ्यांखाली सूज येत असेल तर कॅफिननं ती थोडी उतरते. गालावरचे डाग आणि काळपटपणा यांना नायसिनामाइड, पाच टक्के पुरे, दहाच्या मागे धावायचं कारण नाही. यातलं काहीही सात दिवसांत होत नाही. आणि उन्हात जाताना सनस्क्रीन लावणार नसशील तर कुठलंही सिरम म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी भरणं. शेवटचं मी मुद्दाम दोनदा सांगितलं: डोळ्याखालच्या हाडाच्या खड्ड्याची सावली आणि आईकडून आलेला रंग कुठल्याही किमतीच्या बाटलीनं जात नाही. जो जाईल म्हणतो तो खोटं बोलतो.

"म्हणजे किती जाईल?"

"थोडं. नशीब असेल तर बघणाऱ्याला कळेल इतकं."

"चालतंय," साधना म्हणाली. तिला थोडा फरक ओळखायची सवय आहे.

मधेच लाइनवरच्या कुणीतरी तिला गोरं करणाऱ्या क्रीमची एक डबी आणून दिली. मी तोंड उघडण्याआधीच साधनानं ती उलटी केली. "बॅच नंबर न्हाई, तारीख न्हाई, काय घातलंय ते न्हाई. लाल क्रेट." अशा डब्यांत काय काय घालतात आणि त्यानं कातडं कसं पातळ होतं, हे माझं व्याख्यान तयार होतं, ते वाया गेलं.

शेवटी काळेवाडीच्या रस्त्यावरच्या साध्या औषधाच्या दुकानात, खालच्या फळीवर, दोन बाटल्या सापडल्या. डोळ्यांसाठीची साडेतीनशेची, गालासाठीची तीनशेची. खोक्यावर बाईचा फोटो नाही, फूल नाही, सोनेरी अक्षरं नाहीत. टक्के लिहिलेले, बॅच लिहिलेली, सुवास नाही. मी पास केल्या. साधनानंही पास केल्या, पण त्याआधी खोकी दुकानाबाहेर उन्हात नेऊन पाहिली. ही पळून जाते की काय म्हणून दुकानदार दारापर्यंत आला.

आधी दोन दिवस कोपराच्या आत लावून पाहिलं. खाज नाही, पुरळ नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आता उजव्या बाजूला सुरू करते."

"उजव्या?"

"डोळ्याचं उजव्या डोळ्याखाली, गालाचं उजव्या गालावर. डावी बाजू तशीच ठेवायची."

"अगं, वेडी का खुळी! चेहरा आहे तो!"

"काकू, दोन्हीकडं लावलं आन् फरक पडला, तर तो बाटलीनं पडला का झोपेनं पडला का हवा बदलली म्हणून पडला, कसं कळायचं? आमच्याकडं नवीन माल आला की थोडाच वापरून बघत्यात. जुना शेजारी ठेवत्यात. आठ आठवडे."

प्रयोगशाळेत एकतीस वर्षं घालवून मी तिला हे सांगायला हवं होतं. तिनं मला सांगितलं. 

दर रविवारी अकरा वाजता माझ्या खिडकीजवळच्या पांढऱ्या भिंतीपुढे ती उभी राहायची आणि मी तिच्या फोनवर फोटो काढायचे. वही होती. तारीख, उजवा, डावा, गाल. पहिले दोन आठवडे तिनं सरळ लिहिलं, "काही नाही." तिसऱ्याला, "उ. सूज कमी?" प्रश्नचिन्हासकट. पाचव्या रविवारी मी स्वतः फोन दूर धरून पाहिलं. उजव्या डोळ्याखालची पिशवी बसली होती आणि गडद तपकिरी रंग एक पायरी उतरला होता. चमत्कार नव्हता. पण डावा डोळा तसाच होता, शिफ्ट करून आल्यासारखा, त्यामुळे फरक उठून दिसायचा. गालापुढे तिनं लिहिलं, "अजून नाही." मला हे आवडलं. पैसे घातले म्हणून खोटं लिहिलं नाही.

नवनाथ जिन्यात भेटला की म्हणायचा, "काकू, माझी बायको अर्धी वाकडला राहायला गेली, अर्धी उदगीरलाच हाय. मी कोणत्या बाजूला बसून जेवू?"

"उजव्या," साधना वरून ओरडायची. "डाव्या बाजूला भांडी घासायची हायेत."

आणि मग ऑडिट तीन आठवडे अलीकडे आलं. शुक्रवारी कस्टमरची मेल आली, मंगळवारी येतो. साधना संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून थेट माझ्याकडे. मी म्हटलं, "आजपासून दोन्हीकडे लाव."

"चार दिवसांत काय होणार? तुम्हीच सांगितलंय."

"मग डावीकडे रंग लाव थोडा. मिळतं तसलं, डोळ्याखाली झाकायचं."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बशीच आहे. "काकू, आमच्याकडं चीर बुजवून, वरून रंग मारून पीस पाठवला तर माणूस त्याच दिवशी घरी जातोय. आन् मी तोंडाला तेच करू?"

मंगळवारी ती तशीच गेली. पुढचं सगळं तिनं मला सांगितलं, आणि नंतर एकदा रुपालीनंही, त्यामुळे त्यात मीठमसाला माझा नाही.

सकाळी रणजीत टेबलापाशी आला. तिच्याकडे पाहून दचकला. "ताई, हे काय? एकच डोळा..."

"ट्रायल चालू हाय सर."

"कसली ट्रायल? चला, तुम्ही पॅकिंगला. रुपाली, बस इथे."

रुपाली बावीस वर्षांची, या लाइनवर आठ महिने झालेली.  साधना उठली. पण गेली नाही. "फॉर्म भरा," ती म्हणाली.

त्या कंपनीत टेबलावरचं माणूस बदललं की एक फॉर्म भरतात. आधी कोण, आता कोण, कारण काय, आणि दोघींच्या सह्या. हा नियम कस्टमरनंच घातलेला.

"ताई, नंतर भरू. ते गेटवर आलेत."

"मग लवकर भरा सर. कारणासकट. मोकळ्या रकान्याखाली मी सही करणार न्हाई."

रणजीतनं घाईत लिहिलं, "प्रशासकीय". साधनानं सही केली, आणि सहीशेजारी तिच्या सुबक अक्षरात लिहिलं, "तोंडी सांगितलेले कारण वेगळे आहे." मग पॅकिंगला जाऊन खोके चिकटवू लागली.  

ऑडिटर एक बाई निघाली. पन्नाशीची, केस पिकलेले, पायात जाड सेफ्टी बूट. टेबलापाशी आल्यावर तिनं आधी रुपालीकडे नाही, फायलीकडे पाहिलं. आणि मराठी तिला वाचता येत होतं.

"वेगळं कारण म्हणजे कोणतं?"

"मॅडम, ते इंटर्नल आहे," रणजीत म्हणाला.

"आजच्या तारखेचं आहे. एकोणीस वर्षं टेबलावर असलेलं माणूस आज सकाळी उठवलंत तुम्ही. बोलवा त्यांना."

साधना आली. ऑडिटरबाईनं कारण विचारलं. साधनानं एकदा रणजीतकडे पाहिलं. तिथं प्लांट हेड होता, कस्टमरची आणखी दोन माणसं होती, लाइनवरच्या साऱ्या बाया माना तिरक्या करून ऐकत होत्या.

"माझ्या डोळ्यांखाली काळं हाय म्हणून उठवलं, मॅडम. फोटोत बरं दिसत न्हाई म्हणून."

 ऑडिटरबाई टेबलाच्या ट्यूबखाली वाकली आणि साधनाचा चेहरा तिनं नीट पाहिला, पीस बघतात तसा.

"एकाच डोळ्याखाली आहे."

"दुसऱ्यावर ट्रायल चालू हाय. डावा तुलनेला ठेवलाय."

"किती आठवडे झाले?"

"पाच. आठ करायचेत."

"कोणतं लावता?"

साधनानं नाव सांगितलं, किंमतही सांगितली. बाईनं वहीत लिहून घेतलं. ते ऑडिटचं टिपण होतं की तिचं स्वतःचं, हे साधनाला आजही माहीत नाही. बाईच्या डोळ्यांखालीही काही कमी नव्हतं म्हणे.

मग तिनं नमुन्यांची पेटी मागवली. प्रत्येक ठिकाणी अशी पेटी असते. पन्नास पीस, चांगले आणि खराब मिसळलेले, कोणता कसा ते यादीत लिहिलेलं, आणि यादी तपासणाऱ्याला दाखवत नाहीत. दोघींना वेगवेगळं बसवलं. रुपालीचे चव्वेचाळीस बरोबर आले. चुकलेल्या सहांपैकी चार खराब पीस तिनं चांगले म्हणून पुढे सोडले होते. पोरगी रडायला लागली. साधनाचे एकोणपन्नास बरोबर.

"हा एक चुकला," ऑडिटरबाई म्हणाली. "सत्तावीस नंबर. चांगला आहे, तुम्ही नाकारलात."

"चांगला न्हाई मॅडम. कडेला बघा. हिथं."

"मला काही दिसत नाही. यादीत चांगला आहे."

"यादी चुकली असंल."

रणजीतनं कपाळाला हात लावला. ऑडिटरबाई हसली नाही, रागावलीही नाही. पीस खाली ठेवून पुढच्या मशीनकडे गेली. पण जाताना अहवालात तिनं लिहिलं की तपासणीच्या टेबलावरचं माणूस योग्य कारणाशिवाय बदललं, हा दोष आहे, महिन्याभरात दुरुस्त करावा. आता तिथं नियम झालाय की नमुन्यांच्या पेटीत कमी गुण मिळाल्याशिवाय टेबलावरून कुणाला उठवता येत नाही. बुधवारी साधना तिच्या जागेवर होती, शिक्का हातात.

रणजीत दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. मग येऊन म्हणाला, "ताई, घरातलं भांडण तुम्ही पाहुण्यांसमोर काढलंत."

"मी न्हाई काढलं सर. मी फक्त रकाना भरला. आन् एक सांगू का? आरशात बघा एकदा. तुमच्या डोळ्यांखाली माझ्याहून जास्त हाय. तुमाला कुणी पॅकिंगला बसवलं?"

 पुढच्या आठवड्यात त्यानं रुपालीला तिच्या शेजारी खुर्ची टाकून दिली, शिकायला. साधना तिला शिकवते, मनापासून शिकवते. "पोरीचा काय दोष? तिला बोलावलं, ती बसली," म्हणते.

आठ आठवडे पुरे झाले. वहीत शेवटची नोंद अशी आहे: "उ. डोळा — सूज गेली, काळं थोडं कमी. डा. डोळा — आहे तसा. गाल — डाग फिकट, जवळून बघितलं तर. बाटली पास." आता ती दोन्हीकडे लावते. कंपनीतल्या अकरा जणींनी त्याच दोन बाटल्या घेतल्या आणि काळेवाडीच्या दुकानदारानं त्या वरच्या फळीवर आणून ठेवल्या. किंमत वाढवायला गेला तेव्हा साधनानं छापील किंमत त्याला मोठ्यानं वाचून दाखवली.

पण ती स्वस्थ नाही. सत्तावीस नंबर तिच्या डोक्यातून जात नाही. त्या पीसला चीर आहे, कडेला, आतून, आणि पेटीत तो चांगला म्हणून ठेवलाय. म्हणजे तो बघून शिकणारी प्रत्येक मुलगी तसलीच चीर चांगली म्हणून पुढे सोडणार. तो कापून बघा, एवढंच तिचं मागणं आहे. रणजीत म्हणतो, नमुन्याचा पीस कापता येत नाही, नवीन पेटी मंजूर करून आणावी लागते, चार सह्या लागतात, आणि ताई, एकोणपन्नास आले ना, आता सोडा की. ती सोडत नाही. तीन अर्ज दिलेत तिनं. परवा मला वाचून दाखवले. फारच सभ्य लिहिलेत, प्रत्येकात दोनदा कृपया. चौथा मी लिहून देणार आहे.